आधी गोधडी धुवा, मग कलमाकडे बघू

पत्र थोडक्यात असं: गुहागर तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. तीन वर्षांपूर्वी मुंबई सोडून हे कुटुंब गावच्या घरी राहायला आलं. घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, किनाऱ्याला सुरूचं बन, मागे डोंगराच्या उताराला आंब्याच्या बागा, आणि अंगणात आजेसासऱ्यांनी लावलेली हापूसची दोन जुनी कलमं. मुलगा नऊ वर्षांचा. पहिल्या हिवाळ्यात काही झालं नाही, दुसऱ्यापासून डिसेंबर लागला की शिंका, नाक गळणं, डोळे चोळणं, ते थेट होळीपर्यंत. सकाळी डोळे उघडायच्या आधी शिंका सुरू होतात, मग शाळेत जरा बरा असतो, संध्याकाळी किनाऱ्यावर खेळून आला की परत. सगळे म्हणतात मोहोराचे परागकण. यंदा थंडी उशिरा पडली, मोहोर उशिरा आला आणि त्रासही उशिराच सुरू झाला, त्यामुळे ताईंची खात्रीच पटलीय. अंगणात पिवळी पूड पडते, स्कूटीच्या सीटवर चिकट थर बसतो. कलमं तोडायची गोष्ट काढल्यापासून सासरे जेवणाच्या पाटावर बोलेनासे झालेत. नवरा म्हणतो झाडं राहू देत, पोराला पुण्याला काकांकडे शिकायला ठेवू. ताई विचारतात, झाड राखू की मूल?

ताई, आधी एक सांगून टाकते. मी डॉक्टर नाही, तीस वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि आता रिटायर होऊन चार काजू आणि दोन फणस सांभाळते. त्यामुळे झाडांबद्दल बोलेन ते ठामपणे आणि औषधांबद्दल बोलेन ते जरा बेताने.

तुमचा सगळा मुद्दा एकाच गोष्टीवर उभा आहे, थंडी उशिरा, मोहोर उशिरा, त्रास उशिरा. निरीक्षण चोख आहे हो, विद्यार्थी असतात तर मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते, पण थंडी पडली की आपल्याकडे नुसता मोहोरच येतो का? थंडी पडली की माळ्यावरच्या पेटाऱ्यातून गोधड्या खाली येतात, ज्या चार महिने पावसाची ओल पिऊन बसलेल्या असतात. खिडक्या बंद होतात. सकाळी अंगणातला पातेरा गोळा करून पेटवला जातो आणि सगळी वाडी त्याभोवती हात शेकत उभी राहते. न्हाणीची चूल जास्त वेळ धुमसते. बागायतदार फवारणीचा पंप बाहेर काढतो. ह्या सगळ्यांना बोलावणारी थंडी एकच, त्यामुळे ती उशिरा आली की सगळेच उशिरा येतात. त्यातला डोळ्यांना दिसतो कोण आणि घमघमतो कोण, तर मोहोर. म्हणून बिचारा तोच पकडला जातो.

आता मोहोराचं काय ते सांगते, कारण इथे एक मोठा गैरसमज आहे आणि तो फक्त तुमचा नाही, मला अशी दर हिवाळ्यात चारपाच पत्रं येतात. ज्या फुलाला रंग, वास, मध आहे ते फूल किड्यांना बोलावत असतं. आंब्याचा मोहोर माश्या, मधमाश्या, मुंग्यांच्या भरवशावर असतो, त्याचा पराग जरा चिकटसर, किड्याच्या अंगाला लागून जाणारा. आणि गंमत म्हणजे आंब्याच्या एका फुलात कामाचा पुंकेसर बहुतेक वेळा एकच असतो, एक! तुऱ्यात फुलं हजारावर असतील पण पराग तसा मोजकाच. ह्याउलट जी झाडं वाऱ्यावर अवलंबून असतात त्यांना माहीतच नसतं की आपला कण कुठे जाऊन पडणार, म्हणून ती ढीगच्या ढीग पराग हवेत सोडून देतात, आणि त्यांची फुलं इतकी सामान्य दिसतात की ती फुलं आहेत हेच आपल्या लक्षात येत नाही. तुमच्या किनाऱ्यावरचा सुरू बघा. सुयांसारख्या काड्यांच्या टोकाला हिवाळा सरताना तांबूस तपकिरी शेंड्या येतात, तीच त्याची नरफुलं.

करून बघा म्हणजे पटेल. मोबाईलची काळी पाठ नाहीतर काळा कागद घ्या, त्यावर मोहोराचा तुरा धरून टिचकी मारा. बारकी फुलं पडतील, एखादा तुडतुडा उडेल, पण धूळ अशी उडणार नाही. मग सुरूची पिकलेली शेंडी तशीच झाडा, पिवळट धूर उडाल्यासारखा दिसेल. तो जो धूर आहे तो नाकात जाणारा पराग. ह्यातला एकेक कण केसाच्या जाडीच्या साधारण निम्म्याने, वारा असेल तर काही किलोमीटर सहज जातो. आता लगेच सुरू तोडायला निघू नका, ते बन तुमचं नाही आणि एवढ्या लांब जाणाऱ्या गोष्टीला एक झाड काय नि दहा काय.

तुम्ही म्हणाल मग ती पिवळी पूड? ती गळलेली फुलं, ताई. मोहोरातली बहुतेक फुलं फळ न धरता गळतात, ती सुकून चुरा होतो. आणि स्कूटीच्या सीटवरचा चिकट थर म्हणजे तुडतुड्यांचा प्रताप, ते मोहोराचा रस पितात आणि साखरपाण्यासारखा चिकटा खाली सोडतात, पुढे त्याच चिकट्यावर काळी काजळी चढते, पानांवर बघा सापडेल. घाण आहे, पण पराग नव्हे.

मोहोर शंभर टक्के निर्दोष असं मी म्हणणार नाही. झाडाच्या खालीच खाट टाकून कोणी झोपत असेल, फांद्या हलवत असेल तर तो पराग नाकात जाणारच, आणि काही लोकांना त्याची अॅलर्जी असतेही. मोहोराचा उग्र वासही काहींच्या नाकाला झोंबतो, ती अॅलर्जी नसते, नुसती चिडचिड असते, पण शिंका त्याच येतात. फक्त पहिला संशय त्याच्यावर घेण्यासारखं काही मला तुमच्या पत्रात सापडत नाही.

उलट तुम्ही सहज जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, डोळे उघडायच्या आधी शिंका. परागकोश फाटायला कोरडेपणा लागतो, सुकल्यावर त्याच्या भिंती आकसतात आणि मग तो उघडतो. आपल्याकडे थंडीत पहाटे दंव इतकं पडतं की केळीच्या पानावरून पागोळ्यांसारखं टपकतं. ते उन्हानं सुकल्याशिवाय ताजा पराग फारसा सुटत नाही. म्हणजे पोरगा सहा वाजता अंथरुणात शिंकतोय तेव्हा तुमची कलमं अजून भिजलेली उभी आहेत. त्या वेळी त्याच्या नाकाशी काय असतं? गोधडी आणि उशी. जुन्या गादी-गोधडीत माइट्स नावाचे डोळ्यांना न दिसणारे धुळीतले बारके जीव असतात आणि कोकणातल्या ओलीत ते अगदी सुखात वाढतात.

दुसरी गोष्ट पावसाची, तुम्ही लिहिलंय की मागच्या डिसेंबरात अवकाळी पाऊस दोन दिवस पडला तेव्हा त्रास जास्तच झाला. पाऊस हवेतला पराग धुऊन खाली आणतो. परागाचाच सगळा खेळ असता तर त्या दोन दिवसांत जरा तरी आराम पडायला हवा होता (वादळी पावसात कण फुटून उलट त्रास वाढतो असंही होतं कधी कधी, नाही असं नाही, पण संततधार पडत असेल तर सहसा नाही). ओल वाढली की वाढते ती बुरशी. भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटाच्या मागे, जिथे पावसाळ्यात काळे ठिपके आले होते तिथे एकदा टॉर्च मारून बघा.

आणि संध्याकाळचं काय? इथे वारा समजून घ्यायला लागतो. थंडीत रात्री जमीन लवकर गार होते, मग वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो, मतलई, आणि पहाटे त्याचा जोर असतो. दुपारच्या सुमाराला तो फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. तुमचं घर दोघांच्या मधोमध. सकाळी तुमच्याकडे येतं ते बागांवरून, डोंगराच्या वाडीतल्या धुरातून आलेलं, आणि दुपारनंतर येतं ते सुरूच्या बनातून गाळून आलेलं. मुलगा संध्याकाळी नेमका तिथेच खेळतो. म्हणजे सकाळच्या शिंका एका कारणाच्या आणि संध्याकाळच्या दुसऱ्या असू शकतात, आणि दोन्ही एकाच पोराच्या.

अजून एक बघा, ह्यासाठी यंत्र लागत नाही. वारा पडलेल्या थंड पहाटे दाराशी उभ्या राहा. चुलीचा धूर सरळ वर जात नाही, माडांच्या निम्म्या उंचीला पोचतो आणि तिथेच चादर पसरल्यासारखा आडवा होतो. जमिनीलगत गार हवा, वर ऊबदार हवा, जणू वाडीवर झाकण ठेवलंय. त्या झाकणाखाली धूर, धूळ, आदल्या दिवशीचा पराग, सगळं अडकून राहतं, ऊन तापेपर्यंत. नेमक्या त्याच वेळी आपण पातेरा पेटवतो. पुढे भाजावळ, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळणं, सुरू झाली की मग काय बोलायलाच नको. धुराने नाकाची आतली कातडी सुजते आणि मग थोडासा परागसुद्धा जास्त झोंबतो, हे एकमेकांना साथ देणारं प्रकरण आहे.

थंडीचा आणि झाडांचा संबंध काही खोटा नाही बरं का. हापूसला मोहोरायला रात्री गार लागतात, म्हणून दापोलीकडे पारा दहाच्या आसपास आला की बातमी होते आणि बागायतदार खूश होतात. नंतर जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा गारठा आला तर पुनर्मोहोर येतो आणि आधीची वाटाण्याएवढी, सुपारीएवढी कैरी गळून पडते, हे अप्पांना, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना विचारा, माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. थंड देशांत तर परागाचं सगळं वेळापत्रकच हिवाळा ठरवतो, तिथल्या हेझेल-आल्डरसारख्या झाडांना आधी पुरेशी थंडी आणि मग थोडी ऊब मिळाली की पराग सुटतो, त्यामुळे हिवाळा सौम्य गेला तर शिंकांचा सीझन लवकर येतो. जपानात सुगी नावाच्या, सायप्रसच्या कुळातल्या झाडांमुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्धा गाव मास्क लावून फिरतो. आपण नेटवर 'हिवाळा आणि ट्री पोलन' शोधतो तेव्हा हे सगळं त्या झाडांबद्दलचं वाचतो आणि आपल्या आंब्याला लावतो. ती वाऱ्याची झाडं, ही माशीची.

हे ओळखायला माणसाला किती खटपट करावी लागली त्याची एक गोष्ट आठवली, संक्रांत जवळ आहे म्हणून सांगते. चार्ल्स ब्लॅकली नावाचा मँचेस्टरचा डॉक्टर, त्याला स्वतःलाच हा त्रास होता. हवेत वर पराग असतो का बघायला त्याने चिकट काचपट्ट्या बांधून पतंग उडवले होते, आणि १८७३ साली सगळं छापलं. तोवर लोक उष्णता, ऊन, गवताचा वास असल्या कशाकशाला दोष देत होते. थोडक्यात, दिसेल त्याला धरायची खोड जुनीच.

माझ्या घरचंच सांगते. ह्यांना ऐन थंडीत रात्रभर शिंका. खिडकीखाली रातराणी होती, सासूबाई म्हणाल्या तीच, मीही वनस्पतीशास्त्र शिकवणारी बाई असून मान डोलावली आणि एका रविवारी ती मुळासकट काढली. शिंका जशाच्या तशा. दोन वर्षांनी उशीचा अभ्रा उसवला म्हणून शिवायला घेतला तर आत सासूबाईंनी स्वतः भरलेला सावरीचा कापूस, अठरा वर्षांचा, पिवळा पडलेला, कुबट वासाचा. उशी बदलली, पंधरा दिवसांत फरक. रातराणी गेली ती गेली, परत लावली पण तशी फोफावली नाही. आणि ती तर छोटं झुडूप होतं, तुमची कलमं साठसत्तर वर्षांची असतील.

तर आता करायचं काय. कालनिर्णयचं पान घ्या, महिनाभर त्या चौकोनांत रोज दोन शब्द लिहा: शिंका किती वाजता, दंव होतं का, कोणी काय जाळलं, फवारणी होती का, मुलगा कुठे खेळला. महिन्यात चित्र दिसायला लागेल. पण गोधडीसाठी महिना थांबू नका, ती ह्याच रविवारी. कडकडीत पाण्यात धुता येईल ते धुवा, धुता येत नाही ते अकराच्या पुढे कातळावर तापत टाका आणि दोनच्या आत उचला, कारण मग खारा वारा ओल घेऊन येतो. झटकायचं ते मुलगा शाळेत असताना. गादी फार जुनी असेल तर सरळ नवी घ्या, कलम तोडायच्या मजुरीपेक्षा स्वस्त पडेल. पातेरा जाळू नका, माडांच्या आळ्यात घाला. शेजारी जाळत असतील तर भांडू नका, नुसतं सांगा की जरा ऊन वर आल्यावर पेटवा, तेवढ्यानेही धूर वर निघून जातो. किनाऱ्यावरून आला की हातपाय, तोंड धुऊन कपडे बदलायचे, केसांवरूनही ओला हात फिरवायचा, नाहीतर तोच पराग उशीवर जातो. सुरू फुलावर आहे तोवर खेळायला देवळाचं मैदान बरं.

फवारणीचं मात्र नीट लक्ष घाला. मोहोर फुटल्यापासून तुडतुडे, भुरी, फुलकिडे ह्यांच्यासाठी बागांत अनेकदा पंप चालतो. मागची बाग खंडाने दिलेली असेल तर त्या माणसाचा नंबर घ्या आणि फवारायच्या आदल्या दिवशी मेसेज टाकायला सांगा, त्या दिवशी खिडक्या बंद, वाळत घातलेले कपडे आत, मुलगा बाहेर नाही. अंगणातल्या दोन कलमांवर कोणी फवारत असेल तर ते आधी थांबवा, फळ कमी आलं तरी चालेल. डोळ्यांची आग आणि घशात जळजळ फवारणीच्या दिवशीच होत असेल तर तो पराग नाही हे उघड आहे.

डॉक्टरांकडे जाच, हे सगळं करून नव्हे तर हे करता करता. पहिल्या वर्षी काही नाही आणि दुसऱ्या वर्षापासून सुरू, हे खऱ्या अॅलर्जीला शोभणारं आहे, शरीराला नवीन गोष्टीची ओळख व्हायला एखाद-दोन सीझन जातात. डोळे आणि टाळू खाजते का, एकामागून एक शिंका येतात का, ते सांगा. ताप आणि अंगदुखी असेल तर ती साधी सर्दी, आणि नुसत्या गार हवेने नाक गळत असेल तर तोही वेगळा प्रकार. रत्नागिरी-चिपळूणला किंवा कोल्हापूरला अॅलर्जीची त्वचेवरची टेस्ट होते का विचारा, हातावर थेंब टाकून हलकं टोचतात, पंधरावीस मिनिटांत कळतं. त्याआधी काही दिवस सर्दीच्या गोळ्या बंद ठेवायला लागतात, तेव्हा आधी फोन करून जा. आणि माइट्स, बुरशी, झुरळं, गवतं, सुरू हे सगळं त्यात आहे का बघा, नुसता आंबा तपासून येऊ नका. टेस्टमध्ये एखादी गोष्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे त्रास तिचाच असंही नसतं, तुमच्या कालनिर्णयाच्या पानाशी जुळलं पाहिजे, म्हणून पान सोबत न्या. नाकातला स्प्रे दिला तर तो दोन दिवसांत सोडू नका, त्याला काम करायला काही दिवस लागतात. छातीत घरघर, रात्रीचा खोकला, धावल्यावर दम, ह्यातलं काहीही असेल तर आजच दाखवा, आणि 'दम्याचा पंप (इनहेलर) लागला की सुटत नाही' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, नवऱ्यालाही ऐकू देऊ नका.

पुण्याचं म्हणाल तर नऊ वर्षांचं पोर आईपासून लांब ठेवण्याइतकं अजून काही सिद्ध झालेलं नाही. पुण्याची थंडी आपल्यापेक्षा कोरडी, तिथेही पहाटे हवेचं झाकण बसतं आणि त्याखाली गाड्यांचा धूर, शिवाय तिथलं गाजरगवत आहेच. आणि गोधडी तीच सोबत बांधून दिलीत तर झालंच कल्याण.

तोडायची वेळ आलीच तर हेही लक्षात असू द्या की १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आंबा आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. घरावर आलेल्या फांद्या पावसाळ्याआधी छाटणं वेगळं, ते अप्पाही मान्य करतील.

अप्पांशी तुम्हीच बोला, नवऱ्याला मध्ये घालू नका. माफी वगैरे नको, नुसतं विचारा की कुठल्या वर्षी थंडी कधी पडली, पहिला मोहोर कुठल्या कलमाला आला, तुमच्या लहानपणी घरात कोणाला शिंका येत होत्या का. त्यांना तारखा पाठ असतील, बागायतदार माणसाला बायकोचा वाढदिवस नसेल आठवत पण मोहोराचा आठवडा आठवतो. कॅलेंडर लिहायचं काम त्यांच्याकडेच द्या, ते पहाटे उठतातच. होळीनंतर त्या पानांचा फोटो मला पाठवा, मग कलमांचं काय ते बोलू. आणि हो, ती काळ्या कागदाची टिचकी तुम्ही मारायची, पोराच्या हातात सुरूची शेंडी देऊ नका.